एकतीस इंच

सव्वीस वर्षं मी घरजावई आहे, आणि सव्वीस वर्षांत मी सासूचं तोंड पाहिलेलं नाही. आम्ही दिने लोक. अमेरिकेच्या वाळवंटातले; बाहेरचे आम्हाला नावाहो म्हणतात. आमच्यात जावयानं सासूकडे बघायचं नसतं आणि सासूनं जावयाकडे. बघितलं तर डोळे जातात. हल्ली पुष्कळजण हे पाळत नाहीत. सासूच्या खांद्यावर हात टाकून फोटोत दात काढणारे जावई मी बघितलेत. त्यांचं त्यांना लखलाभ. माझी सासू हासबा जुन्या वळणाची. तिच्या कमरपट्ट्याला पितळेची बारकी घंटी असते, ती वाजली की मी मान फिरवतो, नाहीतर मेंढवाड्याच्या मागे जातो. ती तिच्या होगनमध्ये, म्हणजे ओंडक्यांच्या आणि मातीच्या जुन्या गोल घरात, आणि मी नि माझी बायको अर्लिंडा तिथून दोनशे पावलांवर एका ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरात. मधे वाळू. निरोप पोचवायला बायको, आणि बायको नसेल तेव्हा कुत्रं. म्हणजे सासू कुत्र्याशी बोलायची, मला ऐकू जाईल अशा बेतानं. "मोसी, पाण्याचं पिंप संपलंय म्हणावं." कुत्र्याचं नाव मोसी, आमच्या भाषेत मांजर. हा माझ्या मेव्हण्याचा, केंडलचा विनोद.

असं आमचं चाललं होतं आणि चांगलं चाललं होतं. मग विद्यापीठाच्या पोरांनी आम्हाला घर बांधून दिलं.

मागच्या हिवाळ्यात होगनच्या छताची एक बाजू बसली. मी वर ताडपत्री टाकली, दगड ठेवले, पण धुराडं वाकडं झालं ते झालंच. सासूचा खोकला इतका वाढला की घंटीच्या आधी खोकलाच ऐकू यायचा. दवाखान्यातली बाई अर्लिंडाला म्हणाली, या धुरात ही आणखी एक हिवाळा काढणार नाही. ट्रेलरची तऱ्हा वेगळी. न्हाणीपाशी जमीन कुजून खाली गेली होती, तिथे मी कपाटाचं दार आडवं टाकलं होतं, त्यावरून चालायचं. उन्हाळ्यात आत भट्टी, हिवाळ्यात बादलीतलं पाणी दगड.

अशात गावसभेच्या कार्यालयातून निरोप आला की शहरातल्या विद्यापीठाची पोरं दर वर्षी वाळवंटातल्या एका कुटुंबाला घर बांधून देतात आणि यंदा आमचं नाव लागलंय. मातीच्या जाड भिंती, ना कूलर ना हीटर, सगळं काम सूर्य करणार. अटी दोन. घरच्यांनी बरोबरीनं राबायचं. आणि एका जागेच्या लीजवर एकच राहतं घर, होगन त्यात धरत नाहीत, तेव्हा नवं उभं राहिलं की ट्रेलर ओढून न्यायचा.

म्हणजे आता सासू आणि मी एका छपराखाली राहणार, आणि तरी एकमेकांना दिसायचं नाही. त्याला लागतं काय? मधे एक भिंत आणि दोन दारं. माणसांनी चंद्रावर पाय ठेवलाय, एक भिंत म्हणजे काय.

एप्रिलात कुटुंबाची मुलाखत घ्यायला त्यांची गाडी आली. गावसभेच्या खोलीत टेबलाभोवती खुर्च्या मांडल्या. अर्लिंडा आत, सासू आत. सासू आत म्हटल्यावर मी बाहेर, पिकपमध्ये. दीड तास बसलो. काच खाली करावी तर वाळू तोंडात, वर करावी तर घामाची आंघोळ. मधेच त्यांच्यातली एक मुलगी बाहेर आली. ब्रिन तिचं नाव, सगळ्या पोरांची म्होरकी तीच. नाकावर उन्हानं सालपटं निघालेली, हातात वही.

"मिस्टर क्ला, तुम्ही आत येत नाही?"

"इथे बरा आहे मी."

"तुम्हालाही घर कसं हवंय ते सांगायचं असेल ना?"

आत सासू आहे, एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण त्या वहीकडे बघून माझी जीभ रेटेना. ती ते लिहून घेणार, किती छान म्हणणार, मान वाकडी करून आणखी विचारणार. असल्या छानची मला लहानपणापासून शिसारी आहे. मी म्हणालो, "बायको सांगेल." ती हसून गेली. पुढे त्यांच्या छापील अहवालातलं अर्लिंडानं मला वाचून दाखवलं: घरातील पुरुष प्रकल्पाबाबत उदासीन.

मेच्या अखेरीला बारा पोरं तंबू घेऊन आली. एक गोष्ट कबूल करतो, कामाला ती लबाड नव्हती. आमच्याच जमिनीतली लाल माती चाळायची, त्यात वाळू नि मूठमूठ सिमेंट, आणि दांड्याच्या यंत्रात दाबून विटा पाडायच्या. एक वीट तेरा शेर तरी भरेल. पहिल्या आठवड्यात त्यांचे तळहात फुटले. एक लांबडा पोरगा उन्हानं भोवळ येऊन सिमेंटच्या पोत्यावर पडला तर उठून आधी पोतं फाटलं का बघू लागला. मी जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधण्यात घालवलेला माणूस, मला त्यांची कीव आली. माती मुठीत दाबून सोडली की तिचे दोनच तुकडे झाले पाहिजेत, हे मी दाखवलं. त्यांनी त्याचं चित्रीकरण केलं. "आमचे तज्ज्ञ," असं म्हणू लागली मला. मेंढरू कापलं त्या दिवशी दोघीजणी तंबूत जाऊन रडल्या, मग बाहेर येऊन मटण खाल्लं, मग पुन्हा रडल्या.

तज्ज्ञ म्हटलेलं मला गोड लागलं, हे लपवून काय करू. दिवसभर मी त्यांच्यात, आणि सासू लांब होगनच्या सावलीत मागाशी. तिच्या मागाचा ठोका मला दुरून ऐकू यायचा. चार फूट रुंदीच्या सतरंज्या विणते ती, सगळ्या मुलखात तेवढ्या घट्ट कुणी विणत नाही.

पोरं पुस्तकं वाचून आली होती. दार पूर्वेला हवं, हे त्यांनी आम्हाला सांगितलं. आम्हाला. छताला आतून होगनसारखा गोल आकार दिला, ओंडके चढवताना एकाच्या पायाचं बोट ठेचलं. दक्षिणेला मात्र बावीस फुटांची अखंड काच. थंडीत ऊन आत येणार, फरशीत मुरणार, रात्रभर ऊब देणार. हे ब्रिन मला रोज सांगायची. मी मान डोलवायचो. आतल्या भिंती कुठे दिसत नव्हत्या, पण मी म्हटलं, शेवटी घालत असतील. प्रत्येकाची पद्धत असते.

एक चौकट तेवढी त्यांनी आत उभी केली, ती मोरीची. संडास, बेसिन, नळ सगळं त्यात. माप घेताना आमचं वाजलं. ब्रिनला बेसिन आणि भिंत यांच्या मधे छत्तीस इंच हवं होतं.

"छत्तीसला वीट कापावी लागते," मी म्हणालो. "एकतीसला अख्खी बसते. मोरीत कोण नाचणार आहे?"

पोरं हसली. ब्रिननं हात वर केले. "तज्ज्ञ म्हणतील तसं."

एकतीस इंच. मी स्वतः पेन्सिलीची रेघ मारली.

ऑगस्टात छप्पर झालं, पोरं फरशी घासायला लागली, तेव्हा मला राहवेना. "आतल्या भिंती कधी घ्यायच्या?"

ब्रिन उकिडवी होती. तिनं मान वर केली आणि तिला खरोखर आनंद झाला. "भिंती नाहीतच! तेच तर आहे सगळं. एकच मोकळी जागा, म्हणजे ऊब सगळीकडे फिरेल. तुमचं अख्खं कुटुंब एकत्र."

मी पिकपमध्ये बसलो आणि ट्रेलरकडे गेलो. दोनशे पावलांसाठी पिकप. अर्लिंडा पीठ तिंबत होती.

"तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"काय?"

"तुझ्या आईचं नि माझं."

तिचे हात थांबले. "मला वाटलं तू सांगितलं असशील. तूच असतोस दिवसभर त्यांच्यात, तज्ज्ञ."

"मुलाखतीत तू होतीस."

"आई शेजारी बसलेली. आईसमोर मी परक्या पोरांना जावयाच्या गोष्टी सांगू?"

"मग आईनं—"

"आईनं? शुद्धीवर आहेस का?" तिनं पिठाचा गोळा परातीत आपटला. "तीन महिने तू विटा रचतोयस. तुला दिसत नव्हतं?"

दिसत होतं. म्हणून तर राग आला. मी बाहेर आलो तर केंडल पिकपला टेकून उभा. रस्त्याच्या खात्यात ग्रेडर, म्हणजे रस्ते सपाट करायचं यंत्र चालवतो तो, दुपारी घरी जायच्या आधी आमच्याकडे कॉफी प्यायला येतो.

"काय दाजी, ऐकलं मी सगळं," तो म्हणाला. "आता काय, कुत्र्याला चष्मा करून द्या. मधे बसून दोघांवर लक्ष ठेवील."

"तुझं थोबाड बंद कर."

"आईचा डावा डोळा तसाही पांढरा पडत चाललाय. तुम्ही कुठून डोकावला तर नव्हतात ना?"

तो हसत होता, पण मला ते लागलं. लग्नानंतर पहिल्या वर्षी एकदा होगनच्या खिडकीत तिचे हात दिसले होते मला, पीठ मळताना. नुसते हात, मनगटापर्यंत. लगेच मान फिरवली होती मी. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरांचा प्राध्यापक आला होता, त्याला गाठलं. म्हटलं, "मधे एक भिंत घालतो मी. विटा उरल्यात, मजुरी माझी."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग वाळूत काडीनं घर काढलं, सूर्य काढला, बाणांनी वारा काढला, आणि भिंत घातली तर बाण कसे अडतात ते अर्धा तास समजावलं. घर विद्यापीठांच्या कसल्याशा स्पर्धेत होतं, नकाशे पाठवून झाले होते. "तुमची काळजी मी समजू शकतो," तो म्हणाला. "नव्या गोष्टीवर विश्वास बसायला वेळ लागतो." भिंत कशाला हवी, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. शेपूट घालून परत आलो आणि त्याच दिवशी त्यांच्यासाठी काचेच्या कडा बुजवून दिल्या.

सप्टेंबरात उद्घाटन. गावसभेचे लोक, तालुक्याहून कुणी टाय लावलेले, दोन कॅमेरेवाले. नव्या घरात फिती, फुगे. वाळवंटात फुगे. वाऱ्यानं एकेक फुटत होता आणि मेंढ्या बुजत होत्या. ठरलं असं होतं की सासू आत राहील, मी बाहेर, मागल्या बाजूला. पण फोटोवाल्याला अख्खं कुटुंब काचेसमोर हवं होतं. प्राध्यापकानं हाक मारली, ब्रिननं माझा दंड धरला आणि हसत हसत ओढत पुढे आणलं, "लाजताय काय!" तेवढ्यात दारातून अर्लिंडा सासूला घेऊन बाहेर. घंटी माझ्या कानात वाजली ती चार हातांवर. मी डोळे मिटले. सासूनं शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि खाली बसली. तशी आम्ही तिथे, एक डोळे मिटलेला, एक शालीचं गाठोडं, मधे अर्लिंडा, आणि भोवती बारा पोरं अंगठे वर करून.

तो फोटो पेपरात आला. खाली ओळ होती: आजींना आनंदाश्रू अनावर.

अर्लिंडानं ते कात्रण चुलीत घातलं.

ट्रेलर न्यायला ट्रक आला त्याच्या आदल्या दिवशी मी ट्रेलरचं दार बिजागऱ्यांसकट काढून घेतलं आणि मेंढवाड्याच्या पाठीला उभं केलं. का ते मलाच माहीत नव्हतं. दार म्हणून चांगलं होतं. ट्रक निघाला तेव्हा ट्रेलरच्या भोकातून आमची न्हाणी दिसत होती, कपाटाचं आडवं दार तसंच.

मग वाटणी झाली ती अशी. सासू आणि अर्लिंडा नव्या घरात. मी सासूच्या फुटक्या होगनमध्ये. छताला मी पत्रा ठोकला, धुराडं सरळ केलं, तरी धूर आत यायचाच. मला त्याचं काही नाही. पण होगन दक्षिणेला, मेंढवाडा दक्षिणेला, पाण्याची टाकीही दक्षिणेलाच, आणि ती बावीस फुटांची काच नेमकी आमच्याकडे तोंड करून. सकाळी बाहेर पडलो की मान खाली. मेंढ्या सोडताना पाठ काचेकडे, उलटं चालायचं. लाकडं फोडतानासुद्धा पाठ काचेकडे. मी रचलेल्या भिंती मलाच बघता येत नव्हत्या. केंडल म्हणायचा, "दाजी, तुमची मान आता कायमचीच खाली राहणार. घरजावयाला शोभते." अर्लिंडा जेवण घेऊन यायची, निळ्या मक्याची लापशी, कधी मटणाचा रस्सा. बसायची थोडा वेळ. सव्वीस वर्षांच्या संसारात आम्ही पहिल्यांदा वेगळे झोपत होतो, तेही कुणाचं भांडण नसताना.

"आई कशी आहे?" मी विचारायचो.

"खोकला कमी झालाय."

"ऊब आहे ना?"

"आहे."

"बसते कुठे? मागाचा आवाज येत नाही मला."

"जाड भिंती आहेत," अर्लिंडा म्हणायची आणि भांडं उचलून चालू लागायची.

डिसेंबरात ब्रिनचा फोन आला. आमच्याकडे फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर, म्हणून मी टाकीवर. भिंतीवर त्यांनी पांढऱ्या डब्या लावल्या होत्या, त्या ऊब, ओल, माणसांचा श्वास सगळं मोजून शहरात कळवायच्या.

"घर फार छान चाललंय," ती म्हणाली. "फक्त एक विचित्र आकडा येतोय. मोरीतली डबी. रोज आठ-नऊ तास आत कुणीतरी आहे असं दाखवते. दिवा चालू, हवा कोंडलेली. आणि मुख्य खोलीत दिवसा जवळजवळ कुणीच नाही. पंखा बिघडलाय का बघाल?"

मी अर्लिंडाला सांगितलं. ती म्हणाली, "पंखाच असेल." माझ्याकडे न बघता म्हणाली. मीही विषय सोडला. मला त्या वेळी कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण कळून घ्यायचं नव्हतं.

जानेवारीत सासूनं सतरंजी पाठवली, दुकानात द्यायला. ते काम पहिल्यापासून माझं. अर्लिंडानं गुंडाळी पिकपच्या टपावर ठेवली आणि घाईनं आत गेली. मला गुंडाळी आखूड वाटली. सोडली. लाल, काळी, पांढरी, वीण तीच, लोखंडासारखी घट्ट, पण रुंदीला अरुंद पट्टा. तिनं असलं कधी विणलेलं नव्हतं. खिशात टेप असतोच, सवयीनं लावला.

एकतीस इंच.

आधी काही वाटलंच नाही. पुन्हा मोजलं. मग माझ्या डोळ्यांपुढे पेन्सिलीची रेघ आली. त्या अख्ख्या घरात एकतीस इंच एकाच ठिकाणी आहे. बेसिन आणि भिंत यांच्या मधे. तिथे माग उभा करायचा तर तेवढाच बसतो, आणि त्याच्यासमोर बसायचं तर संडासाच्या झाकणावर.

बावीस फूट काच, आणि काचेतून दिसणारा मी. अख्ख्या घरात दार लावून बसता येईल अशी एकच जागा होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई तीन महिने त्या दिव्याच्या उजेडात, खिडकी नाही, संडासावर बसून विणत होती. मी काचेकडे पाठ करून चालत होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. आणि मोरीत कोण नाचणार आहे, असं मीच म्हणालो होतो.

अर्लिंडा बाहेर आली. टेप टपावर बघितला आणि थांबली.

"का नाही सांगितलंस?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, त्याला कळलं तर तो निघून जाईल कुठेतरी कामाला, आणि तू माझ्यापायी एकटी पडशील." मग तिचा आवाज चढला. "आणि तू काय केलं असतंस? त्या मास्तराला विचारून येणार होतास पुन्हा?"

मी सतरंजी गुंडाळली, दुकानात देऊन आलो, आणि आल्यावर मातीची चाळणी घासून ठेवली.

माती गोठलेली. आधी ऊन पाण्यानं ती सोडवावी लागली. उरलेल्या विटा अडीचशे निघाल्या, बाकीच्या मी नि केंडलनं पाडल्या. यंत्र पोरांनी नेलेलं, म्हणून लाकडी साच्यात, हातानं. केंडल चार दिवस रजा टाकून आला आणि चारही दिवस तोंड वाजवत राहिला, पण त्याच्या बोटांतून रक्त येत होतं तरी थांबला नाही.

आत भिंत घालायची म्हणजे मी आत जाणार. सासू मोरीत दार लावून बसली. मी पूर्वेकडून रचायला घेतलं, पाठ मोरीकडे. मोसी दारात पडलेली. दुसऱ्या थराला मोरीतून खोकला आला, मग आवाज.

"मोसी, विचार त्याला, चूल कुणाकडे ठेवणार."

"मोसी, सांग त्यांना, चूल त्यांच्याकडे. पूर्वेचं दारही त्यांचंच."

"मग तुमचं दार कुठे म्हणावं."

"काचेचा एक तुकडा काढतो. ट्रेलरचं दार ठेवलंय मी."

कुत्र्यानं जांभई दिली.

"मोसी, तो मास्तर ओरडेल म्हणावं."

"ओरडू दे."

"मोसी," ती म्हणाली, "तिसरा थर वाकडा चाललाय. आवाजावरून कळतं."

मी ओळंबा लावला. पाव इंचानं वाकडा होता, तो तसाच ठेवला. केंडल खाली बसून इतका हसला की त्याला खोकला लागला.

भिंत छतापर्यंत नेली. तिच्या बाजूच्या काचेला बाहेरून चिखल थापला, उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर हातभर. वरची पट्टी मोकळी ठेवली, तिच्यातून ऊन येतं पण मी येत नाही. माझ्या बाजूला दक्षिणेचा एक तुकडा काढून ट्रेलरचं दार बसवलं. दार थोडं घासतं. मोरीतली डबी उपटली आणि मेंढवाड्यात टांगली. पंधरा दिवसांनी ब्रिनचा फोन आला की मोरीत फार ओल आणि फारच श्वास दाखवतंय, घरात पाहुणे आलेत का. मी म्हटलं, चाळीस.

मार्चमध्ये ते आले, स्पर्धेचे परीक्षक घेऊन. प्राध्यापक गाडीतून उतरला आणि चिखल थापलेल्या काचेसमोर उभा राहिला. चेहरा असा की कुणी त्याच्या ताटात थुंकलंय.

"हे काय केलंत? सगळं गणित संपलं. घर अर्ध्यानंच तापेल."

"अर्ध्यानंच तापतं," मी म्हणालो. "लाकडं जास्त लागतात."

"पण का?"

या वेळी मी सांगितलं. सरळ, दोन वाक्यांत. जावई सासूला बघत नाही. ती तीन महिने संडासावर बसून राहिली. ब्रिनच्या हातातली वही खाली गेली. ती लिहीत नव्हती.

"तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि मला तिचा राग येत होता आणि माझाही.

"तुम्ही सगळ्यांना एका खोलीत बोलावून विचारलंत," मी म्हणालो. "मी बाहेर गाडीत होतो. तू आलीस तेव्हा मी बोललो नाही. ते माझं."

परीक्षकांतली एक बाई म्हणाली, "किती रोचक." प्राध्यापकानं भिंतीवरची विद्यापीठाच्या नावाची पाटी काढून घेतली, हे घर आता त्यांचं म्हणता येणार नाही म्हणाला. स्क्रू काढायला त्याच्याकडे हत्यार नव्हतं. ते मी दिलं.

ब्रिन मागे राहिली. भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "तिसरा थर किंचित वाकडा आहे."

"माहीत आहे," मी म्हणालो. "मला सांगितलं होतं कुणीतरी."

आता मागाचा ठोका भिंतीपलीकडून येतो. सकाळी लवकर सुरू होतो, मधे खोकला, पुन्हा ठोका. भिंतीला मी एक खाच ठेवलीय, वाडगं जाईल एवढी, तिच्यावर पडदा. कधी तिकडून कॉफी येते. वाडगं आत सरकतं तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

मेमध्ये नवी सतरंजी घेऊन दुकानात गेलो. चार फूट रुंद. दुकानदारानं ती काउंटरवर पसरली, मान हलवली, तोंड वाकडं केलं.

"चांगली आहे. पण ती जानेवारीतली अरुंद होती ना, ती आल्या दिवशी गेली. शहरातल्या लोकांना फ्लॅटच्या बोळात लावायला तसलीच लागते. चार जण विचारून गेले. म्हातारीला सांग, तेच माप ठेव म्हणावं."

"ते माप बंद झालं," मी म्हणालो.

"का? कसलं माप होतं ते?"

"संडासाचं."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय, आणि पाठीमागच्या गिऱ्हाईकालाही त्यानं ते सांगितलं, तोही हसला. मी सतरंजीची घडी घातली, पिकपमध्ये ठेवली आणि दुसऱ्या गावच्या दुकानाकडे निघालो.